कार्ड नाही, तर माल नाही



१९३२ हे मंदीचं साल. नागोयाच्या तांत्रिक विद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला वीस वर्षांचा ताइइची ओहनो तोयोदा घराण्याच्या कापडगिरणीत रुजू झाला. मोटारींशी त्याचा संबंध यायला अजून अकरा वर्षं होती. पण पुढे जी पद्धत त्याच्या नावाशी जोडली गेली, तिचं बी गिरणीतच पडलेलं होतं. साकिची तोयोदा यांचा १९२४ सालचा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबे. खराब कापड विणलं जात नसे, आणि एकच कामगार कितीतरी माग सांभाळू शके.

दुसऱ्या महायुद्धानंतर याच घराण्याच्या मोटार कंपनीकडे, टोयोटाकडे, पैसा नव्हता. १९५० साली कामगारकपात, संप आणि संस्थापक किइचिरो तोयोदांचा राजीनामा, सगळं एकदम आलं. गोदामं भरून ठेवण्याची चैन या कंपनीला परवडणारी नव्हती. ओहनोला वाट दिसली ती अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये: गिऱ्हाईक हवं तेवढंच उचलतं आणि फळीवर जेवढी जागा रिकामी होते तेवढाच माल पुन्हा भरला जातो.

त्यातून कानबान आलं. जपानीत हा शब्द दुकानाच्या पाटीसाठीही वापरतात. कारखान्यात ते एक साधं कार्ड झालं. कोणता सुटा भाग, किती नग, कुठून कुठे जायचा, एवढंच त्यावर लिहिलेलं. पुढच्या विभागाने भाग वापरले की कार्ड मागे येई आणि ते आल्यावरच मागचा विभाग नवे भाग बनवी. कार्ड नाही, तर काम नाही. मशीन मोकळं दिसतंय म्हणून चालवायचं नाही, हे सुपरवायझरांच्या गळी उतरवायला ओहनोला वर्षानुवर्षं झगडावं लागलं. अतिउत्पादन ही त्याच्या लेखी सर्वांत वाईट नासाडी, कारण बाकीच्या नासाड्या तिच्या ढिगाखाली झाकल्या जातात.

आज पदवी घेणाऱ्यांपैकी अनेकांच्या हाती सुटे भाग कधीच येणार नाहीत. येतील फायली, तक्रारी, कोडमधले बदल. तिथेही ढीग साचतो, फक्त डोळ्यांना दिसत नाही. २००४ साली मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत सॉफ्टवेअरची देखभाल हैदराबादमधला एक छोटा गट करत होता. मागितलेला बदल पुरा व्हायला सरासरी पाच महिने लागत आणि वापरणारे विभाग वैतागलेले. माणसं मात्र कामसू होती. मायक्रोसॉफ्टमधल्याच डेव्हिड अँडरसन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कामाची वाट तपासली, तेव्हा वेगळंच दिसलं. आलेल्या प्रत्येक मागणीला किती वेळ लागेल याचा अंदाज तातडीने द्यावा लागे आणि हातातलं काम त्यासाठी बाजूला पडे. गटाच्या ताकदीचा मोठा हिस्सा असा अंदाजांत जाई. त्यांतली बरीच कामं पुढे कधी हाती घेतलीच जात नसत.

त्यांनी अंदाज देणं बंद केलं. एका वेळी हाती घ्यायच्या कामांना मर्यादा घातली. जागा रिकामी झाली की कोणतं काम आत घ्यायचं, ते मागणाऱ्या विभागांनी मिळून ठरवायचं. पुढे गटात माणसांची थोडी फेरमांडणी आणि भरही झाली, पण पहिली मोठी सुधारणा त्याआधीच दिसली होती. सुमारे वर्षभरात पाच महिन्यांचा काळ दोन आठवड्यांवर आला. जपानी कार्डाची ही युक्ती सॉफ्टवेअरमध्ये रुजली, तिची एक सुरुवात हैदराबादेत आहे, हे भारतातल्या फार कमी कचेऱ्यांना ठाऊक असतं.

मात्र कामं दाखवणाऱ्या बोर्डवर नुसत्या रंगीत चिठ्ठ्या डकवणं म्हणजे कानबान नव्हे. मर्यादा नसलेला बोर्ड ही फक्त थकवणारी यादी होते. शिवाय टोयोटात कामगाराला दोष दिसला की दोरी ओढून लाइन थांबवण्याचा अधिकार असतो. हा अधिकार जिथे दिला जात नाही, तिथे ‘लीन’ (ओहनोच्या पद्धतीचं आजचं प्रचलित नाव) म्हणजे निव्वळ माणसं कमी करणं, असा समज पसरतो आणि कामगारांचा राग रास्त ठरतो.

नासाडी पाहायला शिकवताना नव्या इंजिनिअरला ओहनो भाषणं देत नसे. तो कारखान्याच्या जमिनीवर खडूने एक वर्तुळ काढी, त्यात त्याला उभं करी आणि निघून जाई. काही तासांनी परत येऊन विचारी, काय दिसलं? उत्तर पटलं नाही, तर इंजिनिअर पुन्हा त्याच वर्तुळात.