कात्री कुठे लागली, ते ओळखू या

(असोदा येथे विद्यार्थी आणि शिक्षकांसमोर केलेले भाषण)



असोदा हे बहिणाबाईंचं माहेर. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण समोरचं जग त्या बारकाईने पाहत. आपल्याला वाचता येतं, तरी मोबाइलवर आलेला व्हिडिओ आपण पाहतो आणि लगेच पुढे ढकलतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तरी आज तंत्रापेक्षा आपल्या खान्देशाबद्दल जास्त बोलणार आहे.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायत कार्यालयात कोंडून ठार मारलं. त्याच रात्री मालेगावातही लहान मुलासह पाच जणांना जमावाने घेरलं. तिथे एका रहिवाशाने त्यांना आसरा दिला, पोलीस आले आणि जीव वाचले. अफवा आपल्या मोहल्ल्यातही तितक्याच वेगाने धावते, हे मान्य करूनच पुढे जाऊ.

त्या दिवसांत देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात. मुळात ती कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली फिल्म. शेवटी ते मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. कुणीतरी तेवढा शेवट कापला. खोटं काही चित्रित करावंच लागलं नाही.

म्हणून ‘फॉरवर्ड करू नका’ एवढा उपदेश पुरत नाही. मुलांना स्वतः व्हिडिओ बनवू द्या. ज्याने एकदा कापाकापी केली, त्याला दुसऱ्याची कात्री दिसते.

एक मोबाइल आणि पाच मुलांचा गट घ्या. तीन शॉट घ्या : खाली पडलेला मुलगा, हात वर केलेला मुलगा, धावणारा मुलगा. पडलेला, मग हात वर करून हाक मारणारा, मग धावत येणारा, असे लावले की मदतीची गोष्ट होते. हात वर केलेला आधी, मग पडलेला, मग धावणारा, असे लावले की तीच मारहाण होते. मग वर्गाला विचारा : आधी काय घडलं? नंतर काय? आवाज याच दृश्याचा आहे का? हे कोणी, कुठे, कधी टिपलं? संशय आला तर स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सवर शोधा.

केरळच्या कन्नूर जिल्ह्यात २०१८ मध्ये सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग झाले. आपल्याकडेही होऊ शकतात. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. पण पाच ग्रुपही गाव पेटवायला पुरतात. शिवाय आता एआयमुळे न घडलेलं दृश्यही तयार होतं.

गुरुजनांना विनंती, आठवड्याचा एक तास द्या. तरुण मित्रांनो, तो तास घ्यायला तुम्ही जा, उर्दू शाळेत जा आणि मराठी शाळेतही जा. राईनपाड्याला जाणाऱ्या माणसाला परत घरी जाता आलं पाहिजे, एवढ्यासाठी हे शिकायचं आहे.