पितृपक्षातलं अपडेट

आज मधेच धडधड ऐकू आली तर हेडफोन काढून तपासू नका, ती रोह्याकडे जाणारी गाडी आहे. मी बसलोय पेण तालुक्यातल्या जिते गावात. पनवेल–रोहा लाईनवर आपटा सोडलं की जिते, मग हमरापूर, मग पेण. माझी खोली रुळांपासून फार लांब नाही. आत भिंतींना फोम, दाराला जुनी गादी, आठ चॅनेलचं साऊंड कार्ड आणि एक कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरला इंटरनेट नाही. मुद्दामच दिलेलं नाही.

बरेच जण विचारतात, "दादा, नेट नाही तर अपडेट कसं करतोस? आणि करतोस तरी कशाला?" आजचा भाग त्यावरच. पण आधी माझी एक फजिती ऐका.

आमच्या आगरी लग्नांत धवलारीण असते. लग्नातल्या एकेका विधीला ती धवला म्हणते. हे कुठे लिहिलेलं नसतं, एकीकडून ऐकून दुसरीने पाठ केलेलं. हल्ली डीजेसमोर तो आवाज कुठे टिकणार? म्हणून शेजारच्या गावातल्या एका आजींना मी महिनाभर विनवण्या करून रेकॉर्डिंगला तयार केलं. आणि आदल्या रात्री अकरा वाजता मला काय सुचलं, तर साऊंड कार्डचा नवा ड्रायव्हर टाकायचं. टाकला, "सक्सेसफुल" असं आलं, मी झोपलो. वाजवून बघितलंच नाही.

सकाळी आजी आल्या, खुर्चीत बसल्या. मी सॉफ्टवेअर उघडलं तर साऊंड कार्ड दिसेचना. नव्या ड्रायव्हरला कार्डाचं फर्मवेअरही नवं हवं होतं, आणि ते उतरवायला इंटरनेट. मोबाईलचा हॉटस्पॉट लावला, तर त्या दिवशी रेंजचा पत्ता नाही. पाऊण तास मी गच्चीवर फोन हातात घेऊन फिरतोय. आजी म्हणाल्या, "बाला, मी काय रेडिव हाव? बटन दाबला का वाजला?" आणि चहा पिता पिता, गळा मोकळा करायचा म्हणून, स्वतःशीच म्हणायला लागल्या. मी फोन टेबलावर ठेवून रेकॉर्ड चालू केलं. वर पंखा गरगरतोय, बाहेर कोंबडा.

पंधरा दिवसांनी त्या पुन्हा आल्या. सगळं नीट चाललं, चांगल्या माइकवर दीड तास रेकॉर्डिंग झालं. घरी बसून दोन्ही जुळवलं तर फोनमधली अकरा कडवी दुसऱ्या दिवशी आलीच नव्हती. त्यांना ऐकवली. म्हणाल्या, हो, ही माझ्या आईची. पण परत म्हणायला गेल्या तर तिसऱ्या कडव्यापाशी अडकल्या. ती अकरा कडवी आज माझ्याकडे फक्त पंख्याच्या आवाजासकट आहेत. चूक ड्रायव्हरची नाही. आदल्या रात्री तो टाकणाऱ्याची.

तर आता मूळ मुद्दा. नेट का नाही? रेकॉर्डिंग करताना कॉम्प्युटर आवाज छोट्या छोट्या तुकड्यांत घेतो. त्या तुकड्याला बफर म्हणतात. मी बफर २५६ सॅम्पलचा ठेवतो. ४८ किलोहर्ट्झवर त्याचा हिशोब होतो साधारण ५.३ मिलिसेकंद. म्हणजे दर सव्वापाच मिलिसेकंदांनी कॉम्प्युटरला हातातलं काम देऊन मोकळं व्हावंच लागतं. तेवढ्यात मागून काहीतरी डाऊनलोड सुरू झालं, स्कॅनिंग लागलं, की आवाजात 'टक्' येतं. गाण्यात कॉपी-पेस्ट करून झाकता येईल. धवल्यात कुठून आणणार?

नेट तोडलं म्हणजे सुरक्षित झालो, असंही समजू नका. २०१० साली स्टक्सनेट नावाचा व्हायरस उघडकीला आला. इराणच्या नतान्झमधली यंत्रं इंटरनेटला जोडलेली नव्हती, तरी तो पोचला. अशा ठिकाणी पोचायचा त्याचा एक रस्ता म्हणजे पेनड्राइव्ह. आपल्याकडे कोण हल्ला करणार म्हणा! पण लग्नाचे व्हिडिओ, झेरॉक्सचं दुकान आणि सायबर कॅफे फिरून आलेला पेनड्राइव्ह मी थेट लावत नाही. आधी दुसऱ्या, नेट असलेल्या लॅपटॉपवर तपासतो, मगच आत. आणि तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला असतो, कारण फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही.

मग अपडेट करायचंच कशाला? गरज पडते म्हणून. पनवेलचा एखादा अरेंजर नव्या व्हर्जनमध्ये केलेला प्रोजेक्ट पाठवतो, तो माझ्याकडे उघडत नाही. कधी जुन्या ड्रायव्हरमधला एखादा दोष नव्यात दुरुस्त झालेला असतो. पण रोज उठून अपडेट, हेही नको. १९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बसले, आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ज्या कॉम्प्युटरला नेटच नाही, तिथे तसलं अपडेट रातोरात येऊन बसत नाही. ते मी माझ्या सवडीने घेतो.

आणि ती सवड म्हणजे पितृपक्ष. हसू नका, खरंच. नारळी पौर्णिमा, गणपतीची गाणी भाद्रपदाच्या आधीच होऊन जातात. तुळशीच्या लग्नापासून लग्नसराई. मधल्या पितृपंधरवड्यात नवीन गाण्याचा मुहूर्त कोणी करत नाही, खोली रिकामी. तेव्हा मी लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून माझ्या व्हर्जनचं महिन्याचं एकत्रित अपडेट उतरवतो, ती एमएसयू फाईल पेनड्राइव्हने आणतो. पण ती चालवण्याआधी क्लोनझिलाने आख्ख्या सिस्टिम डिस्कची इमेज बाहेरच्या डिस्कवर. क्लोनझिला फुकट आहे, पेनड्राइव्हवरूनच सुरू होतं. काही बिघडलंच तर इमेज परत टाकायची, कॉम्प्युटर कालच्यासारखा. जुन्या ड्रायव्हरची फाईलही जपून ठेवतो. त्या रात्री ती माझ्याकडे नव्हती.

अपडेट झालं की परीक्षा. आठही चॅनेल चालू करून एक तास नुसतं रेकॉर्डिंग, माइकसमोर रेडिओ लावून. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एका ट्रॅकचे तासाला साधारण ५१८ एमबी, आठांचे सव्वाचार जीबीच्या जरा आत. डिस्क तेवढं झेपवते का, 'टक्' येतं का, सगळं कळतं. मग वहीत तारीख आणि व्हर्जन. हो, कागदाची वही. कॉम्प्युटर बंद पडल्यावर कॉम्प्युटरमधली नोंद कशी वाचणार?

विंडोज १० बद्दल बरेच मेसेज आले. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला, आता मशीन भंगारात काढायचं का? नेट नसेल आणि काम नीट होत असेल तर घाई नको. पण पुढे नवे प्लगिन, नवे ड्रायव्हर त्याला कमी कमी मिळत जातील, तेव्हा पैसे हळूहळू बाजूला काढा. आणि 'शेवटचं चाललेलं' प्रत्येक इन्स्टॉलर आत्ताच जपून ठेवा, नंतर ते साईटवर असतीलच असं नाही.

बाकी खरं सांगू, माझं मशीन सॉफ्टवेअरपेक्षा इतर गोष्टींनी जास्त वेळा बंद पडलंय. हमरापूर-जोहे पट्ट्यात गणपतीचे कारखाने, मूर्ती घासल्याची पांढरी धूळ हवेत असतेच. ती पंख्यात बसली की कॉम्प्युटर तापतो आणि गाणं अडखळतं. लोक ड्रायव्हर शोधत बसतात, मी आधी ब्रश घेतो. पावसाळ्यात लाईट जाते, त्याला यूपीएस. आणि मदरबोर्डवर नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर२०३२. मेन स्विच बंद केल्यावरही घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. नेट असलं तर घड्याळ आपोआप जुळतं, इथे नाही. तो संपला तेव्हा माझी तारीख कितीतरी वर्षं मागे गेली आणि एका प्लगिनने लायसन्सच मानायला नकार दिला. दोन दिवस मी सॉफ्टवेअर काढून घालत होतो. शेवटी सेल बदलला, तारीख लावली, चालू.

आजींची फोनमधली फाईल आता तीन ठिकाणी आहे. या पितृपक्षात तिच्यातला पंख्याचा आवाज कमी करून बघितला, पण आजींचा 'स' पण त्याबरोबर जायला लागला, म्हणून मूळ फाईलला हात लावला नाही. तुळशीच्या लग्नानंतर त्या त्यांच्या बहिणीला घेऊन येणार आहेत. बहिणीला ती कडवी येतात म्हणे. आदल्या रात्री मी कॉम्प्युटरला हात लावणार नाहीये.

गाडी आली बघा. थांबतो इथेच.