वाक्प्रचारांची जन्मभूमी

(मुळशी तालुक्यातील विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



इंग्रजी वाक्प्रचार कसे पाठ करावेत, हा विषय मला दिला आहे. माझे म्हणणे असे की, पाठ करण्यापूर्वी ते कुठल्या मातीत उगवले हे पाहावे. ‘कॅरिंग कोल्स टू न्यूकॅसल’ घ्या. न्यूकॅसल हे एके काळी इंग्लंडमधील कोळशाचे मोठे बंदर. तिथेच कोळसा नेऊन विकणारा खुळाच म्हणायचा! मुळशीत कोणी बाहेरून आंबेमोहोर विकायला आणला, तर तुम्ही त्याला जे म्हणाल तेच. एवढे उमगले की अर्थ पाठ करावा लागत नाही.

‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणजे आकाशातून कुत्री-मांजरे पडणे नव्हे. ताम्हिणीच्या पावसाला आपण मुसळधार म्हणतो, कारण भात कांडणाऱ्या घरात मुसळ होते. ‘वॉर्म वेलकम’चे ‘उबदार स्वागत’ करणारे उपसंपादक मी पुष्कळ पाहिले. थंड देशात ऊब म्हणजे माया. आपल्याकडे उन्हातून आलेल्याला गूळपाणी मिळाले की जीव गार होतो. ‘वन्स इन अ ब्लू मून’साठी आपल्याकडे ‘सठीसामाशी’ आहे. तो शब्द आज किती घरांत ऐकू येतो?

परके ते सारे त्याज्य, असे मात्र नाही. १८५३ साली बोरीबंदर-ठाणे आगगाडी धावली. पुढे ‘हिरवा कंदील दाखवणे’ मराठीत रुळले, कारण तो कंदील लोकांनी डोळ्यांनी पाहिला होता. ‘हिमनगाचे टोक’ आपण नुसतेच छापत असतो.

‘डू ऑर डाय’ तुम्हांला ठाऊक असेल. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध इथला शेतकरी सेनापती बापटांसह सत्याग्रहाला उभा राहिला, तेव्हा त्याची घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. इंग्रजी वाक्प्रचार काय करायचे ते सांगत नाही. मावळ्याने जमिनीचे नाव घेतले. ती जमीन आज पाण्याखाली आहे आणि तुमच्यापैकी काहींची मूळ गावेही तिथेच असतील.

य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ शाळेने अवश्य मिळवावा. आणि तुम्ही एक वही घाला. डाव्या पानावर इंग्रजी वाक्प्रचार, उजव्या पानावर आजीला विचारून त्याच प्रसंगी ती काय म्हणते ते. आजीला इंग्रजी येत नसेल, तर प्रसंग सांगा.