क्लचविना मोटार

मोटार चालवणाऱ्याच्या डाव्या पायाच्या वाट्याला क्लच येतो. मोकळ्या रस्त्यावर हा पाय जवळजवळ निवांत असतो. परंतु पुण्यातील विद्यापीठ चौकात किंवा बंगळूरच्या सिल्क बोर्डपाशी सायंकाळी गर्दीत सापडले, की त्याला क्षणाची उसंत मिळत नाही. गुडघेदुखी जडलेल्या गृहस्थाला किंवा चाळिशीत प्रथमच गाडी शिकू पाहणाऱ्या गृहिणीला क्लच नसलेली मोटार घ्यावीशी वाटते, ती म्हणूनच निव्वळ हौसेपोटी नव्हे. तिच्यासाठी अधिक पैसे मोजावेत काय, आणि मोजलेच तर त्यांच्या बदल्यात नेमके काय पदरात पडते, हे पाहणे मात्र अगत्याचे आहे.

ऐसपैस, परंतु आखूड अशा ज्या पेट्रोल मोटारी आज मध्यमवर्गीय घेतो, त्यांचे माप कराच्या नियमांनी बेतले आहे. 2006 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटर लांबीच्या आणि पेट्रोलवर चालत असल्यास 1200 घन सेंटिमीटर इंजिनाच्या मर्यादेतील गाड्यांना उत्पादनशुल्कात सवलत मिळाली. 22 सप्टेंबर 2025 पासून वस्तू व सेवा कराचा 18 टक्क्यांचा दरही याच मापाच्या पेट्रोल गाड्यांना लागू झाला. त्यामुळे मारुती सुझुकीची बलेनो 3990 मिलिमीटर लांब, तर ह्युंदाईची आय-ट्वेन्टी 3995. शिंप्याने मोजक्या कापडात अंगरखा बसवावा, तसाच हा प्रकार.

‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली मात्र अगदी भिन्न यंत्रे विकली जातात, आणि ग्राहकाची फसगत होते ती येथे. पहिला प्रकार कप्प्यांचा आणि पट्ट्याचा. डच कारखानदार डाफ यांनी 1958 साली सादर केलेल्या छोट्या मोटारीत तो होता. कप्प्यांचा व्यास सतत लहानमोठा होत राहतो. गिअरच्या पायऱ्याच नसल्याने धक्काही नसतो. याच तत्त्वाचे सुधारलेले यंत्र 2015 च्या बलेनोत मिळत असे. त्याची खोड एवढीच, की पाय जोराने दाबला असता इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागाहून येतो.

दुसरा प्रकार 2014 मध्ये सेलेरिओने भारतात रूढ केला. येथे गिअरपेटी नेहमीचीच असते, क्लचही असतो. फक्त तो दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम माणसाऐवजी यंत्र करते. हे स्वस्त पडते. 2022 च्या नव्या बलेनोने पट्ट्याची गिअरपेटी सोडून हीच स्वीकारली आणि हाताने गिअर बदलण्याच्या गाडीहून किंमत सुमारे पन्नास हजार रुपयांनीच वाढली. परंतु गिअर बदलताना क्षणभर इंजिनाचा जोर तुटतो आणि बसलेल्यांच्या माना किंचित डोलतात. जाणता चालक त्या क्षणी पाय हलकेच उचलतो. मग क्लच गेला म्हणून पायाचे कसब गेले, असे कोणी म्हणावे!

तिसऱ्या प्रकारात दोन क्लच असतात. एक गिअर चालू असतानाच पुढचा सज्ज राहतो. 2022 मध्ये टाटांच्या अल्ट्रॉझमध्ये तो आला, क्लच तेलात बुडालेले ठेवून. रांगत्या रहदारीत क्लच तापतो, आणि ती उष्णता तेल वाहून नेते. किंमतीतील फरक मात्र तेव्हा लाखाच्या घरात गेला.

तेव्हा परीक्षा घ्यावी कशी? विक्रेत्याच्या दारापुढील सपाट रस्त्यावर सर्वच गाड्या गुणी असतात. चार माणसे बसवून, वातानुकूलन चालू ठेवून ती चढावर थांबवावी, आणि ब्रेक सोडल्यावर मागे घसरते की जागीच ठरते ते पाहावे. तळघरातील वाहनतळाच्या उतरणीवर उलट चढवून पाहावी. दुपदरी रस्त्यावर समोरच्या ट्रकला ओलांडताना पाय दाबल्यापासून जोर मिळेपर्यंत किती वेळ जातो, हे तर अवश्य पाहावे; कारण समोरून एसटी येत असता तेवढा विलंब जिवावर बेतू शकतो. खरेदीत या एका कसोटीला आसनांच्या कातड्याहून आणि पडद्याच्या लांबीरुंदीहून अधिक वजन द्यावयास हवे.

पेट्रोलच्या हिशेबाला अवाजवी महत्त्व दिले जाते. 2022 च्या बलेनोसाठी उत्पादकांनी जाहीर केलेला आकडा हाताच्या गिअरला लिटरमागे 22.35 किलोमीटर, तर यंत्राने गिअर बदलणाऱ्या गाडीला 22.94 होता, यंत्र वरचा गिअर लवकर टाकते, हे त्याचे कारण. हे आकडे प्रयोगशाळेत, फिरत्या रोलरवर गाडी चालवून काढलेले असतात. तेथे दादर नसते की खंबाटकी घाट नसतो. शिवाय पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते, आणि इथेनॉलच्या लिटरमधील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच भरते.

उरतो दुरुस्तीचा प्रश्न. जिल्ह्याच्या गावी बदली होणाऱ्या कुटुंबाला तो सर्वांत जवळचा. दुसऱ्या प्रकारातील क्लचपट्टी मुळात नेहमीच्याच धाटणीची असते आणि नेहमीप्रमाणेच झिजते. तिचे काम मिस्त्रीच्या ओळखीचे असते. पट्ट्याच्या किंवा दोन क्लचच्या गिअरपेटीला त्याच्याकडे नेण्यात अर्थ नाही. तिला ठरावीक तेल, संगणक जोडून तपासणी आणि शिकलेला हात लागतो. असे वर्कशॉप राहत्या गावापासून किती कोसांवर आहे, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे.