कालव्याचे पाणी कोणाचे?



रावी आणि चिनाब या नद्यांमधील मैदानाला रेचना दोआब म्हणतात. नदीकाठची सखल जमीन पुराच्या गाळावर व विहिरींवर पिकत असे. मधला उंच, कोरडा माळ म्हणजे ‘बार’. तेथे गुरे-उंट घेऊन फिरणाऱ्या पशुपालकांची वस्ती होती. इंग्रज सरकारने त्यांची चराऊ राने सरकारी पडीक ठरविली, खानकी येथे चिनाबवर बंधारा घातला आणि १८९२ साली बारमाही कालवा सुरू केला.

माळाचे गव्हाचे व कापसाचे कोठार झाले. लायलपूर उभे राहिले. १९७७ साली त्याचे नाव फैसलाबाद झाले. पूर्व पंजाबातील दाटीच्या जिल्ह्यांतून शेतकरी आणून त्यांना सुमारे २८ एकरांचे चौकोनी ‘मुरब्बे’ दिले गेले. परंतु ते कोणाला मिळाले? मुख्यतः जमीनधारक जातींना आणि निष्ठावंतांना. ज्यांनी चर खणले, ज्यांनी कापणी केली, ते भूमिहीन बहुतांशी मजूरच राहिले.

शेतकऱ्यालाही खरी मालकी सहजासहजी मिळाली नाही. वारसाहक्कावर व घरे बांधण्यावर बंधने घालणारे वसाहत विधेयक आले, शेजारच्या बारी दोआबात पाणीपट्टी वाढली, आणि १९०७ साली शेतकरी रस्त्यावर उतरला. लाला लजपतराय व सरदार अजितसिंग यांना मंडालेला हद्दपार करण्यात आले. तरीही व्हाइसरॉय मिंटोंना ते विधेयक नामंजूर करावे लागले. संघटित शेतकऱ्यापुढे साम्राज्य नमले, हे विसरता कामा नये.

मात्र भूमिहीनांचा प्रश्न त्या विजयानंतरही तसाच राहिला. शिवाय पाणी आणले, पण निचऱ्याची सोय केली नाही. झिरपणाऱ्या पाण्याने भूजल वर आले, क्षार पृष्ठभागावर साचले आणि हजारो एकर जमीन नापीक झाली.

हे दूरचे दुखणे आहे असे समजू नका. आपल्याकडे नीरेच्या व प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस वाढला, त्याबरोबर चिबड आणि क्षारपड जमीनही वाढली. आणि टेलच्या शेतकऱ्याने पाण्याची वाट पाहणे काही संपले नाही.

कालवा किती मैल लांब आहे, हे अभियंता सांगेल. त्याचे पाणी कोणाच्या शेतात जाते आणि कोणाच्या घामावर वाहते, हे मात्र आपणच विचारले पाहिजे. पाण्याचे वाटप हा राजकारणाचा प्रश्न आहे, आणि तो भूमिहीनांना वगळून सुटणार नाही.