हिशेबाची वही कोणाच्या हातात?

(महिला कलापथकांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



चांगला मॅनेजर कसा ओळखायचा, यावर मला बोलायला सांगितलंय. इथे बसलेल्यांपैकी काहीजणी ऑर्केस्ट्रात गातात, काहीजणी संगीत बारीत किंवा ढोलकीच्या फडात आहेत. काहींनी स्वतःचं पथक उभं केलंय. काम वेगळं असलं तरी सुपारी घेणारा, तारखा लावणारा, गाडी ठरवणारा आणि शेवटी पैसे वाटणारा एक माणूस प्रत्येकीला माहीत आहे. मी चौदा वर्षं ऑर्केस्ट्रात गायले. आता बायकांच्या एका वाद्यवृंदाचे कार्यक्रम मीच ठरवते. त्यामुळे पैसे घेणारीची बाजूही मला कळते आणि वाटणारीचीही.

सुरुवातीलाच एक सांगते. मॅनेजरचा स्वभाव बघू नका, व्यवहार बघा. माझा एक मॅनेजर होता, त्याचं नाव घेत नाही. तो आम्हा गाणाऱ्या मुलींना बहिणी मानायचा, राखी बांधून घ्यायचा, ओवाळणीत साडी द्यायचा. पण कोणत्या कार्यक्रमाची किती सुपारी आली, हे सहा वर्षांत एकदाही त्याने सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचा, "भावावर विश्वास नाही का?" दुसरा एक होता, तुसडा आणि तोंडाने फटकळ. पण कार्यक्रम संपला की गाडीत बसण्याआधी वही उघडायचा, सगळ्यांसमोर आकडे वाचायचा आणि सही घ्यायचा. आज विचाराल तर मी त्या फटकळ माणसालाच चांगला म्हणेन.

तेव्हा पहिली कसोटी वहीची. सुपारी किती, खर्च किती, मॅनेजरचा वाटा किती, हे तिन्ही आकडे कलाकाराला माहीत पाहिजेत. वाटा कशावर धरलाय तेही विचारा. समजा २०,००० रुपयांची सुपारी आहे. गाडी, साऊंड, जेवण यांचा खर्च ८,०००. मॅनेजरचा वाटा शंभराला १५. तो पूर्ण सुपारीवर धरला तर ३,००० होतात, खर्च वजा जाता उरलेल्या १२,००० वर धरला तर १,८००. फरक बाराशेचा, आणि तो तुमच्या हातातून जातो. शिवाय पूर्ण सुपारीवर वाटा घेणाऱ्याला खर्च कमी करायची काही गरजच वाटत नाही.

हे फक्त गरीब कलाकारांचंच होतं असं नाही. अमेरिकेतला एल्विस प्रेस्ली केवढा मोठा गायक, पण त्याच्या मॅनेजरने, कर्नल पार्करने, १९६७ पासून निम्मा वाटा लावून घेतला होता. एल्विस १९७७ मध्ये वारला. मुलगी लहान होती. तिच्या हितासाठी कोर्टाने नेमलेल्या वकिलाने कागद तपासले, तेव्हा हा वाटा अवाजवी असल्याचं त्याने लिहून दिलं. जिवंतपणी कोणी वही मागितलीच नव्हती.

दुसरी कसोटी उचलीची. फडातल्या बायांना हे वेगळं सांगायला नको. दसऱ्याला फड बाहेर पडतात, गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांवर गावोगावचे पंच जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात, आणि वैशाखानंतर काम थांबतं. पावसाळ्यात चूल कशी पेटायची? म्हणून उचल घ्यावी लागते. उचल देणारा प्रत्येक मॅनेजर वाईट असतो असं मी म्हणणार नाही. अडचणीला पैसे देणारा दुसरा कोण असतो? उचल कोणाच्या हातात दिली, त्याचा कागद आहे का, आणि ती फिटली हे कोण ठरवतं, हे बघा. वाईट मॅनेजर उचल बापाच्या नाहीतर भावाच्या हातात देतो आणि फेडायला बाईला उभं करतो. हंगाम संपला तरी बाकी तेवढीच! आगाऊ रकमेपायी दुसरीकडे काम करायची मोकळीकच गेली, तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने ती वेठबिगारी ठरते आणि तसलं कर्ज रद्द होतं. चांगला मॅनेजर उचल बाईच्याच हातात देतो, दर महिन्याला किती फिटली ते लिहितो, आणि बाकी फेडून जायचं असेल तर जाऊ देतो.

तिसरी गोष्ट जरा अवघड आहे. मॅनेजर बाई असली की सगळं ठीक होईल, असं आपल्याला वाटतं. अमेरिकेत टीएलसी नावाचा तीन मुलींचा गट होता. त्यांचा दुसरा अल्बम १९९४ मध्ये आला आणि प्रचंड खपला. तरीही १९९५ मध्ये त्या तिघींनी दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यांची मॅनेजर बाईच होती, स्वतः नावाजलेली गायिका. पण मुलींचा रेकॉर्डिंगचा करार त्या मॅनेजरबाईंच्याच कंपनीशी होता, आणि ज्या कंपनीने अल्बम काढला तिचे एक प्रमुख म्हणजे बाईंचे यजमान. नंतर दोन्ही बाजूंनी आपापलं म्हणणं मांडलं, त्यात कोण खरं हे मी सांगत नाही. पण रचनाच बघा. कंपनीकडे जास्त पैसे मागायचे ते मॅनेजरने, आणि कंपनी तर घरचीच. मग मुलींच्या बाजूने भांडायचं कोणी? आपल्याकडे मॅनेजरचा मेहुणा साऊंडवाला असतो आणि गाडी भावाची असते, तेव्हा हाच प्रश्न विचारायचा. आणि मॅनेजर मी असले तर मलाही विचारायचा.

चौथी कसोटी आपल्या शरीराची. विठाबाई नारायणगावकरांची हकीकत सगळ्यांनी ऐकलीय. दिवस भरलेले असताना त्या नाचायला उभ्या राहिल्या, कळा आल्या तेव्हा पडद्यामागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि परत बोर्डावर गेल्या. आपण ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत. एवढी मोठी कलावंत, राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेली, आणि त्या रात्री तिच्या जागी उभी राहायला कोणी नव्हतं? खेळ थांबला तर तंबूतल्या सगळ्यांचं पोट थांबेल, एवढी ओढाताण होती. २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हाही पैशाची चणचण होतीच. आता सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. खरा गौरव करायचा तर दर सुपारीतले थोडे पैसे आजारपण आणि बाळंतपणासाठी बाजूला पडले पाहिजेत, आणि प्रत्येक गाण्याला बदली बाई तयार असली पाहिजे. चांगला मॅनेजर हे हंगामाच्या आधी करतो.

याच कसोटीत रात्रीचा प्रवास येतो. कार्यक्रम ठरवताना चांगला मॅनेजर विचारतो: कपडे बदलायला बंद खोली आहे का, संडास आहे का, स्टेजवर चढणाऱ्या दारूड्याला अडवणार कोण? पुढाऱ्याने "गाणं झाल्यावर बाईंना बंगल्यावर पाठवा" म्हटलं, तर नाही म्हणण्याची जबाबदारी मॅनेजरची असते. ती बाईवर ढकलणारा दलाल समजावा. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात मालकाने दिलेली गाडीसुद्धा कामाची जागा धरलीय. दहापेक्षा कमी माणसांचं पथक असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तिचा पत्ता प्रत्येक गटाने लिहून ठेवा.

शेवटची कसोटी म्हणजे सोडून जाता येतं का? टीना टर्नर ही अमेरिकेतली काळी गायिका. तिचा नवरा आइक हाच बँडचा मालक, पैसेही त्याच्याच हातात, आणि तो मारायचा. तिचं स्टेजवरचं नावही त्याने आपल्या मालकीचं करून ठेवलं होतं, ही निघून गेली तर दुसरीला त्याच नावाने उभं करता यावं म्हणून. १९७६ मध्ये ती खिशात ३६ सेंट घेऊन निघाली. १९७८ च्या घटस्फोटात तिने पैसे सोडले आणि नाव तेवढं मागून घेतलं. रद्द झालेल्या कार्यक्रमांचं कर्जही तिच्याच डोक्यावर आलं. पुढे रॉजर डेव्हिस नावाचा मॅनेजर भेटला. चाळिशी उलटलेल्या, लोकांनी संपली म्हणून सोडून दिलेल्या या बाईवर त्याने मेहनत घेतली, आणि १९८४ च्या अल्बमने ती पुन्हा जगभर पोचली. बाई तीच, आवाजही तोच होता.

आपल्याकडे नवरा, भाऊ, बाप मॅनेजर असणं नवलाचं नाही. तिथे तर वही मागणं म्हणजे घर मोडणं समजतात. म्हणून एकटीने मागू नका. सगळ्याजणींनी मिळून, हंगामाच्या सुरुवातीला मागा.

आणि मोबाईलवर, कॅसेट-सीडीवर, यूट्यूबवर तुमचं गाणं कोण टाकतं, त्याचे पैसे कोणाला येतात, हेही विचारा. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा हक्क १९९४ मध्ये आला. गाणं व्यापारासाठी वापरलं तर मानधनाचा वाटा मिळण्याची तरतूद २०१२ मध्ये झाली. कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही, कोणी कितीही जवळचा असो, द्यायची नाही.

आता जेवणाची सुट्टी आहे. त्यानंतर गटागटाने बसून आपल्या पथकाचा एकपानी करार लिहायचाय: सुपारी, खर्च, वाटा, उचल, आजारपण, प्रवास, सोडून जाण्याची मुदत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगा, दुसरी लिहील. पण लिहिलेलं सगळं मोठ्याने वाचून घ्या.