माशीची जात कोणती?

(ढाणकी इथं तरुणांपुढे केलेलं भाषण)



मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत माल उतरवतो, रात्री कविता लिहितो. विद्यापीठाची पायरी चढलो नाही. तरी बोलणार आहे विद्यापीठातल्याच एका विषयावर. जनावरं कशी वागतात, कुठं राहतात, काय खाऊन जगतात, याचा अभ्यास. आपल्यातल्या एका पोरीला हा विषय घ्यायचाय आणि घरचे म्हणतात, "वाघरं मोजून पोट भरते काय?" सवाल भुकेचा आहे. त्याला हसू नका.

पण वाघ मोजणारे काय करतात ते ऐका. आपल्याच जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या एका तरुण नर वाघाला २०१९ च्या फेब्रुवारीत डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या लोकांनी रेडिओ कॉलर लावली. जूनमध्ये तो निघाला. महाराष्ट्र, तेलंगणा, शेतं, रस्ते, ओढे तुडवत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. एकूण ३,००० किलोमीटरहून जास्त चालला. का? वयात आलेल्या नराला स्वतःची हद्द लागते, शिकार लागते, मादी लागते.

माझा बापही इथून निघाला. लोक म्हणाले, गरिबाचा स्वभावच भटका. खोटं! त्याला जमीन नव्हती, अन् गावानं हद्दीबाहेर ठेवला होता. वाघ का निघाला हे शोधायला कॉलर लावली. बाप का निघाला, हे कोण शोधणार?

आता खरी गोष्ट. इंग्रजी पुस्तकांत मुंग्या-माश्यांमधल्या राणी आणि कामकरी या गटांना 'कास्ट' म्हणतात. हो, तोच शब्द. मग पारावरचे शहाणे सांगतात, बघा, निसर्गातच जात आहे!

बघूच. मधमाशीचं एकच अंडं. त्यातल्या अळीला शेवटपर्यंत राजान्न मिळालं तर राणी, पहिले काही दिवसच मिळालं तर कामकरी. फरक रक्ताचा नाही, ताटाचा! आणि वळचणीला घर करणारी ती बारीक गांधीलमाशी? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकरांनी वर्षानुवर्षं तिचा अभ्यास केला. तिच्यात राणी आणि कामकरी अंगानं वेगळ्या दिसतच नाहीत. राणी काढून घेतली की कामकऱ्यांतलीच एक आक्रमक होते, काही दिवसांत अंडी घालू लागते. राणी होते.

माशीकडून न्याय शिका असं मी म्हणत नाही. माशीला घटना नाही, आपल्याला आहे. मी एवढंच म्हणतो, निसर्गाच्या नावानं आपल्याला कोणी गप्प बसवू नये. बाबासाहेबांनी १९१६ साली न्यूयॉर्कला निबंध वाचून दाखवलं की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून. म्हणजे माणसाच्या हातानं. त्यांनी माणसं तपासली. तुम्ही जनावरं तपासा.

आपल्यातल्या गुराख्याला पावलाचा ठसा बघून जनावर कळतं. पण वही दुसऱ्याच्या हातात, खाली सही दुसऱ्याची. हा वाटाड्याचा धंदा बंद करा! अमरावती विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रात जा. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरा, ती भीक नाही, हक्क आहे. नोकरी लागेलच असं मी सांगत नाही. पण निसर्गाचं पुस्तक एकाच वस्तीनं लिहिलं, तर तुमचं-आमचं पान त्यात तेच लिहिणार.

त्या पोरीच्या बापाला मी सांगणार आहे. तुम्हीही सोबत चला.

जय भीम!